थायलंडला सासू-सासऱ्यांना घेऊन जातेय, तिथल्या रीतीभाती कोणी सांगेल का?

देवगडची_सून

दिवाळी झाली की मोहोराची, फवारणीची कामं अंगावर यायच्या आत सासू-सासऱ्यांना थायलंड दाखवून आणायचं ठरलंय. आधी बँकॉक, मग एखादं बेट. हॉटेल, सिमकार्ड, बघायची ठिकाणं यांची माहिती ढिगाने मिळाली, ती नकोय.

मला काळजी आहे ती आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची. माणूस सोन्यासारखा, पण पडवीत बोलले तर खाली कलमांत काम करणाऱ्या गड्याला ऐकू जातं. कोणाचंही पोर दिसलं की डोक्यावर एक टप्पल दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. बसले की पाय समोरच्या खुर्चीवर. हॉटेलात पोऱ्याला बोट दाखवून "अरे, हय ये!" सासूबाईंचं वेगळंच. वाटेत भिक्षू भेटले तर पाया पडले तर चालेल ना, असं आत्तापासून विचारतायत.

तिथे राहिलेलं कोणी असेल तर सांगा. यूट्यूबवरचं "दहा चुका टाळा" छापाचं नको.

गजालीवालो

मामांका घरी ठेवा, तुम्ही जावा! मस्करी हां. आमचा पण ग्रुप पुढच्या वर्षी जातोय, वाचत बसलोय.

पाणबुड्या_तारकर्ली

वयनीनू, मामांच्या सगळ्याच सवयी तिथे नडणाऱ्या आहेत. बरं झालं आधी विचारलंत.

मी को ताओ बेटावर डायव्हिंगच्या बोटींवर काही हंगाम काम केलंय. जगभरची माणसं येतात, कोण कुठे ठेचकाळतं ते रोज दिसायचं. चपला दाराबाहेर काढा, देवळात खांदे-गुडघे झाकून जा, हे जर्मन पोराला शिकवावं लागतं. आपल्याला ते घरातूनच आलेलं. त्यामुळे आपली माणसं गाफील राहतात, "हे सगळं आमच्यासारखंच" म्हणतात आणि भलतीकडेच चुकतात.

आता डोक्याचंच घ्या. तिथे शरीरात डोकं सगळ्यात वरचं, मानाचं, आणि पाय सगळ्यात खालचे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने पोराच्या डोक्यावर हात ठेवला की आईला बरं वाटतं. तिथे अनोळखी माणसाने ठेवला तर आई हसेल, पण पोराला हळूच आपल्याकडे ओढून घेईल. मामांना म्हणावं, लांबून हात हलवा. पायांचं म्हणाल तर बुद्धाच्या मूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे तळवे करून बसायचं नाही. लोक दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात. सासूबाईंना जमेल, मामांचे गुडघे कुरकुरले तर त्यांना मागच्या बाजूला बसवा. पायाने पिशवी सरकवणं, पायाने दार लोटणं हेही वाईट दिसतं. देवळाच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे देवगडच्या माणसाला मी काय सांगणार!

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट आवाजाची. आपलं साधं बोलणंसुद्धा बाहेरच्याला भांडण वाटतं, मालवणी माणसाला हे सांगायला नको. आमच्या जेटीवर तिकिटाच्या टेबलाशी एक पन्नाशीची बाई बसायची. सगळे तिला 'फी' म्हणायचे, म्हणजे ताई-दादा म्हणतो तसं. एकदा बोट उशिरा म्हणून एक पर्यटक (आपल्याच देशातला, गाव सांगत नाही) टेबलावर हात आपटून ओरडायला लागला. ती हसली. तो आणखी चढला. ती आणखी हसली, मान डोलवली, रजिस्टर मिटलं, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि मागच्या खोलीत निघून गेली. याला वाटलं काम झालं. ती काही परत आली नाही, आणि रांगेतल्या बाकीच्यांचाही खोळंबा झाला. तिथे चारचौघांत ज्याचा आवाज चढला त्याची लाज गेली असं धरतात, आणि समोरच्याचीही. हसण्याचा अर्थ होकार असतोच असं नाही. काम अडलं तर आवाज खाली आणा, हसून विचारा, वाक्याच्या शेवटी पुरुषांनी 'ख्रप' आणि बायकांनी 'खा' लावा. एवढं केलंत तर ज्याला नियमाने नाही म्हणायचं त्यालाही वाट काढाविशी वाटते.

हाक मारायला बोट नको. तळवा जमिनीकडे करून बोटं आपल्याकडे हलवायची.

बेटावर जाणार म्हणून आणखी एक. लांब शेपटीच्या होड्या बघाल, त्यांच्या नाळेला रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. ती माए या नांग, होडीची देवी. तिथे पाय ठेवायचा नाही, ओलांडायचं नाही, फोटोसाठी वर चढून बसायचं तर नाहीच. नारळी पौर्णिमेला आपण होडी पुजतो, तरी तारकर्लीत रोज कोणीतरी नाळेवर लोंबकळत सेल्फी काढतो. तेव्हा आपल्याला काय वाटतं तेच त्यांना वाटतं, फक्त ते बोलत नाहीत.

निवृत्त_चीफ_इंजिनिअर

रत्नागिरीहून. जहाजावर असताना लाएम चाबांग बंदरात पुष्कळदा उतरलो आहे. पाणबुड्याने लिहिलं ते बरोबर, पण सूनबाईंनी इतकं घाबरायचं कारण नाही. परदेशी माणसाचं ते बरंच पोटात घालतात. नमस्कार थोडा वर-खाली झाला म्हणून कोणी रागावत नाही.

पोटात न घालण्यासारखी गोष्ट एकच, राजघराणं. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 112 प्रमाणे राजा, राणी, युवराज यांची बदनामी किंवा अपमान केल्यास 3 ते 15 वर्षं तुरुंगवास आहे, आणि पर्यटक म्हणून सूट नाही. चेष्टेतसुद्धा विषय काढू नये, मोबाईलवर काही लिहू नये. नोटांवर राजाचं चित्र असतं. नोट वाऱ्याने उडाली तर आपण पटकन पाय ठेवून अडवतो ना, तो पाय तिथे आवरायचा. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं, चालती माणसं जागच्या जागी थांबतात. आपणही थांबावं. सिनेमाला गेलात तर आधी राजाचं गीत लागेल, उभं राहावं.

मामांना एक काम द्या. रोज संध्याकाळी 6 ची वेळ त्यांनी सांभाळायची. जबाबदारी दिली की माणूस गप्प राहतो, हा माझा इंजिनरूममधला अनुभव.

देवगडची_सून

काका, ही युक्ती घरात आजच वाचून दाखवली, मामा हसले (बऱ्यापैकी मोठ्याने). भिक्षूंचं राहिलं. आणि देवळात साडी चालते का? नमस्कार कोणाकोणाला करायचा?

पाणबुड्या_तारकर्ली

भिक्षूला बाईने स्पर्श करायचा नाही, चुकूनही. म्हणजे पायाला हात लावून नमस्कार नको. थोडं लांबून हात जोडायचे, बोटं कपाळापर्यंत वर, मान खाली. ते उलट हात जोडणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सासूबाईंना काही द्यायचं असेल तर थेट हातात द्यायचं नाही. भिक्षू कापड पुढे पसरतात, त्यावर ठेवायचं, किंवा मामांच्या हातून द्यायचं. बस-ट्रेनमध्ये भिक्षूंसाठी राखीव जागा असतात, शेजारची रिकामी दिसली तरी बायकांनी बसू नये.

साडी उत्तम. ग्रँड पॅलेसला, म्हणजे बँकॉकच्या राजवाड्यात, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, दारावर बघतात. बिनबाह्यांचं ब्लाउज नको, पदर खांद्यावरून घ्या. मामांना हाफ पँट घालू देऊ नका. आत पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात फोटो काढायचा नाही.

नमस्कार लहानाने मोठ्याला आधी करायचा. हॉटेलातली पोरं तुम्हाला करतील, त्यांना मान लववून हसलात की पुरे. प्रत्येक वेटरला हात जोडत सुटलात तर तेच अवघडतात.

वेंगुर्ल्याची_मावशी

हॉटेलच्या, दुकानाच्या आवारात खांबावर एक छोटंसं घर दिसेल. आत बाहुल्या, पुढे फुलं, उदबत्ती, आणि लाल सरबताची बाटली, तिला स्ट्रॉ लावलेला! आमच्या ह्यांनी बाटली कोणी विसरलं म्हणून उचलली होती, मी वेळेत ठेवायला लावली. तो त्या जागेचा राखणदार समजा. आपण राखणदाराला ठेवलेला नारळ उचलतो का?

आणि दिवाळीनंतर जाताय तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास लॉय क्रथोंग, म्हणजे त्यांचा पाण्यात दिवे सोडायचा सण, बघा. केळीच्या गाभ्याचा चकता, त्यावर पानाफुलांची नक्षी, मेणबत्ती, उदबत्ती. तो हातात धरून डोक्याशी लावायचा, पाण्याची देवी माए खोंगखाची क्षमा मागायची आणि नदीत सोडायचा. थर्माकोलचा घेऊ नका, केळीचाच मागा. सासूबाई खूश होतील.

गजालीवालो

मावशी, जेवणाचा कोणी काय सांगूक नाय. हातान जेवलेला चलता काय?

पाणबुड्या_तारकर्ली

चिकट भात हातानेच खातात, छोटा गोळा करून. साधा भात चमच्याने. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याने फक्त भात चमच्यावर लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही. ताटं मधे असतात सगळ्यांची. आपल्या पानात एक-दोन चमचेच घ्यायचं, संपलं की परत. डोंगर करून घेतला की हावरट दिसतो. उपासाच्या दिवशी सांभाळा, भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, कोळंबीची चटणी असते.

देवगडची_सून

शेवटचा प्रश्न. बेटावर एका कुटुंबाच्या होमस्टेमध्ये राहणार आहोत, त्यांच्यासाठी आंबापोळी आणि कोकम आगळ न्यायचं म्हणतोय. चालेल?

पाणबुड्या_तारकर्ली

आंबापोळी न्या. आगळ सामानात फुटलं तर मामांचे सगळे सदरे जांभळे. पिशवी घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात दोन्ही हातांनी द्या. ते थँक्यू म्हणून न उघडता बाजूला ठेवतील, देणाऱ्यासमोर भेट उघडायची तिथे पद्धत नाही. तेव्हा मामांनी "अरे, खाऊन तरी बघ!" म्हणत स्वतःच पाकीट फोडू नये, एवढं बघा.