‘चिल्ड्रन’चा रकाना बघून घाबरू नका

प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या लिनक्सवरच्या ‘पर्फ’च्या अहवालात ‘मेन’समोर (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) ‘चिल्ड्रन’मध्ये ९८ टक्के दिसतात, म्हणजे सगळा वेळ तेच खातंय का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो. ‘चिल्ड्रन’च्या रकान्यात त्या फंक्शनने पुढे ज्यांना ज्यांना बोलावलं त्यांचाही वेळ धरलेला असतो. स्वतःचा वेळ ‘सेल्फ’मध्ये. ‘पर्फ रिपोर्ट’ या कमांडला ‘नो-चिल्ड्रन’ हा पर्याय द्या, यादी ‘सेल्फ’प्रमाणे लागेल.

मीही इथेच फसलो होतो. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊससाठी द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं बनवणारा सी प्रोग्राम होता. ऐन हंगामात तो रडायला लागला. बाहेर कंटेनर उभा, आत मालक डोक्यावर. दोन दिवस मी डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी यादी ‘सेल्फ’प्रमाणे लावली तर सगळ्यात वर ‘स्ट्रलेन’, म्हणजे स्ट्रिंगची (मजकुराची) लांबी मोजणारं फंक्शन! लूपच्या अटीतच ते लिहिलं होतं, म्हणजे दर फेरीला लांबी पुन्हा मोजली जायची; आणि आत तीच स्ट्रिंग बदलत होती, त्यामुळे कंपायलरलाही ते लूपबाहेर काढता येईना. लिहिणारा कोण? अस्मादिक.

अहवालात कॉलची साखळी (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं) मधेच तुटत असेल, तर बहुधा कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनमध्ये फ्रेम पॉइंटर (ती साखळी मागे शोधायची खूण) उडालाय. तो ठेवून पुन्हा कंपाइल करा. ते जमत नसेल तर ‘पर्फ रेकॉर्ड’ने मोजणी करताना ‘कॉल-ग्राफ’ या पर्यायाला ‘ड्वार्फ’ (डीबगच्या माहितीवरून साखळी शोधायची पद्धत) द्या, फक्त डेटाची फाइल भलतीच फुगते.

आणि हो, नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये सीपीयूवर गेलेलाच वेळ येतो. प्रोग्राम डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघत नुसता बसून असेल, तर तो वेळ या यादीत शोधू नका.