दिवाळी पहाटेच्या खुर्च्या कुणाला आणि कशा द्याव्यात? न्याय्य रीत सुचवा

मंगळवार_पेठ

नमस्कार. यंदा आमच्या पेठेतल्या दिवाळी पहाटेची बैठक व्यवस्था माझ्याकडे आली आहे. मी ती मागून घेतली. गेल्या वर्षी जे पाहिलं ते पुन्हा बघायचं नाही, म्हणून.

शाळेचं मैदान, ४२० खुर्च्या, तीस-तीसच्या चौदा रांगा, मधोमध वाट. प्रवेश मोफत. नरक चतुर्दशीला पहाटे साडेपाचला गाणं सुरू होतं. गेल्या वर्षी मी पावणेपाचला मैदानावर पोचले. माणसं शंभरसुद्धा नव्हती, पण पहिल्या आठ रांगांत एक खुर्ची मोकळी नव्हती. रुमाल, टॉवेल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या. एका रांगेला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधलेली. मांडवाची पोरं रात्री अडीचला घरी गेली, त्यानंतर कुणीतरी येऊन हे करून गेलं होतं.

रंकाळ्याकडून चालत आलेले एक आजोबा पाचव्या रांगेच्या कडेला उभे होते. ऐंशीच्या पुढचे असतील, हातात काठी. शेजारच्या चौदा खुर्च्या एकाच घरानं धरलेल्या. मी म्हटलं, "बसा आजोबा." ते म्हणाले, "नको बाळ, त्यांची माणसं यायची असतील." ललत झाला, भटियार झाला, अभंग झाले. ती माणसं सव्वासातला आली, भैरवीच्या तोंडावर. आजोबा पावणेदोन तास काठीवर भार देऊन उभे होते आणि प्रत्येक समेला मान हलवत होते. मी त्या खुर्चीवरचा टॉवेल उचलायला हवा होता. उचलला नाही. ते वर्षभर सलतंय.

कार्यकारिणीत सगळे म्हणतात, सोपं आहे, काही राखीव ठेवूच नका, जो आधी येईल तो पुढं बसेल. मला ते पटत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात सगळ्यात आधी कोण उठतं आणि सगळ्यात शेवटी कुणाची आंघोळ होते? पाणी तापवायचं, उटणं भिजवायचं, पोरांना तेल लावायचं, ओवाळायचं, मग फराळाची ताटं. आमच्या गल्लीतल्या बायका सहाच्या आत उंबरा ओलांडू शकत नाहीत. "आधी येईल तो" म्हटलं की पुढच्या दहा रांगा ओवाळून घेणाऱ्यांच्या आणि ओवाळणाऱ्या मागं उभ्या. हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा, पण पहाटेचा वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही.

त्यात देणगीदार दोन रांगा मागतात. त्यांच्याशिवाय साउंडचा खर्च निघत नाही, हेही खरं.

तुमच्याकडं कुठं नीट जमलं असेल तर सांगा. तीन आठवडे हातात आहेत.

खासबागचा_पोरगा

ताई, तुमचं बायकांबद्दलचं म्हणणं मी आमच्या घरात वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरोबर आहे. तरी मी आधी येईल तो बसेल याच बाजूचा. फक्त माणूस आला पाहिजे, टॉवेल नव्हे.

एक सांगतो. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं. आखाडा खाली, भोवतीनं मातीचा उतार. कुठंही बसा, कुस्ती दिसते, पुढच्याचं डोकं आड येत नाही. तिथं जागा धरण्यासाठी जीव काढावा लागत नाही, कारण चांगली जागा आणि वाईट जागा यात फार अंतरच ठेवलेलं नाही. तुमच्या मैदानावर भांडण खुर्चीसाठी होत नाही, दिसण्यासाठी होतंय. ते अंतर कमी करा. गेल्या वर्षी मी तिथं होतो. स्टेज जेमतेम दोन फुटांचं होतं आणि कडेच्या झेंडूच्या माळांनी तबलजी झाकला गेला होता. स्टेज चार फूट घ्या, माळा मागच्या पडद्यावर लावा, मधल्या वाटेत फोटोवाल्याला उभं राहू देऊ नका. मागच्या रांगांसाठी दोन स्पीकर वेगळे लावा. निम्मी ओढाताण तिथंच संपेल.

दुसरं, रात्री खुर्च्या मांडूच नका. थप्प्या लावून ताडपत्री टाका. साडेचारला फाटक उघडायचं आणि तेव्हाच मांडायच्या. आमच्या तालमीतली दहा पोरं देतो, वीस मिनिटांचं काम आहे. मांडलेली खुर्चीच नसली तर रुमाल टाकणार कुठं?

मंगळवार_पेठ

भावा, थप्प्यांचं एकदम पटलं. हे आम्हाला का सुचलं नाही कळत नाही. स्टेजचंही बोलते मांडववाल्याशी. पण फाटकाची वेळ साडेचार ठेवली तरी सहाला येणारी बाई मागंच राहते. तिचं काय?

लेक_ओर्लांडोत

मी मूळची ताराबाई पार्कातली. लेक फ्लोरिडात असते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये तिच्याकडे होते तेव्हा तिनं डिस्नेच्या एप्कॉट पार्कमध्ये नाताळचा एक कार्यक्रम दाखवला, कँडललाइट प्रोसेशनल. मोठा वृंदगानाचा ताफा, वाद्यवृंद, आणि कुणीतरी नामवंत माणूस येशूजन्माची कथा वाचतो. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये हा १९५८ ला सुरू झाला, एप्कॉटमध्ये १९९४ पासून होतो. तळ्याकाठी उघडं नाट्यगृह आहे. डोळ्यांत पाणी आणणारा कार्यक्रम. ख्रिस्ती नसूनही मी हात जोडून ऐकला.

तिथं दोन वाटा आहेत. पार्कच्या तिकिटात कार्यक्रम येतोच, पण ते तिकीट असलं म्हणजे खुर्ची नक्की झाली असं नव्हे, रांगेत उभं राहायचं. खुर्चीची खात्री हवी असेल तर पार्कमधल्या ठरावीक हॉटेलांपैकी एकात जेवणाचं पॅकेज आधी आरक्षित करायचं. त्यात प्रयोगाची वेळ ठरलेली असते. मात्र अमुक नंबरची खुर्ची कुणालाच मिळत नाही. पॅकेजवाल्यांनाही वेळेत यावं लागतं. त्यांना आधी आत घेतात, मग उरलेल्या जागा रांगेतल्या लोकांना. ज्यांना काहीच जमत नाही ते बसायच्या जागेच्या मागं उभे राहून ऐकतात. संध्याकाळी एकापाठोपाठ तीन प्रयोग असतात, त्यामुळं एक हुकला तर दुसऱ्याची आशा राहते.

आम्ही पॅकेज घेतलं नव्हतं. रांगेत उभे राहिलो, गुडघे बोलायला लागले, पण बसायला मिळालं. शेवटी तिथली मुलं प्रत्येक रांगेत फिरून "मध्ये सरका, मोकळी खुर्ची ठेवू नका" असं सांगत होती. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

जेवणाच्या पैशावर खुर्ची, हे पेठेतल्या मोफत गाण्याला शोभणार नाही, ते घेऊ नका. पण खात्रीचा भाग वेगळा आणि खुला भाग वेगळा, दोन्हींची रांग वेगळी, आणि सुरू व्हायच्या वेळी एकही खुर्ची रिकामी नको, एवढं घ्या. आपल्या अंबाबाईच्या देवळात मुखदर्शनाची रांग वेगळी असतेच की. ज्याला जेवढा वेळ आहे त्यानं त्या रांगेला लागायचं.

तिसरी_घंटा

मी अनेक वर्षं नाटकांच्या बुकिंगला बसलो आहे. माझं सगळं तारुण्य पॅलेस थिएटरच्या खिडकीत गेलं, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री ते जळताना रस्त्यावर उभा राहून पाहिलं. त्यावर जास्त लिहवत नाही.

तेव्हा काँप्युटर नव्हता. प्लॅन लागायचा, म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. विकलेल्या चौकोनावर पेन्सिलीनं फुली. पेन्सिलच वापरायची, कारण बदल होतातच. आणि दोन-तीन टक्के जागा आम्ही कधीच आधी विकत नसू. एखादी गरोदर बाई येते, कुणाचं तिकीट डबल गेलेलं असतं, एखादा म्हातारा रसिक बेळगावहून एसटीनं येतो. दारात उभं राहिल्यावर हातात काहीतरी असावं लागतं. ताई, तुम्ही निदान दहा खुर्च्या अशा ठेवा आणि त्या कुठल्या, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू नका.

आता मुख्य गोष्ट. राखीव खुर्चीला मुदत असली पाहिजे. नाटकात ते काम तिसरी घंटा करते. पहिली घंटा झाली की चहा संपवा, दुसरी झाली की जागेवर या, तिसरी झाली की पडदा. तुमच्याकडंही तीन घंटा द्या: पाच दहा, पाच वीस, साडेपाच. तिसरीनंतर कूपनची खुर्ची रिकामी असेल तर ती उभ्या असलेल्या माणसाची. मग देणगीदार असो, नगरसेवक असो. हे कूपनवर ठळक छापा. छापलेलं असलं की स्वयंसेवकाला भांडावं लागत नाही, बोट दाखवलं की झालं.

तुमचे ते आजोबा "त्यांची माणसं येतील" म्हणाले. टॉवेलाचा हक्क कधी संपतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. सभ्य माणूस अशा वेळी उभाच राहतो.

सोडत_काढा

काका, कूपन वाटणार कसं? सकाळी दहाला वाटप म्हटलं तर नोकरीवाले गेले. व्हॉट्सॲपवर म्हटलं तर चार ग्रुपमधलेच घेऊन जातात. मी म्हणतो सोडत काढा. म्हाडाची घरं सोडतीनं देतात, आरटीईचे २५ टक्के प्रवेश सोडतीनं होतात, मग खुर्च्या का नाहीत? आठवडाभर देवळात आणि शाळेत पेटी ठेवायची, घरटी एक चिठ्ठी, चिठ्ठीवर चार माणसांपर्यंत नावं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर शाळेतल्या लहान मुलीच्या हातानं चिठ्ठ्या काढायच्या. लवकर कळलं म्हणून किंवा ओळख आहे म्हणून फायदा नाही.

अडचण एकच, फुकट कूपन घेऊन लोक येत नाहीत. आम्ही कॉलनीत एकदा दोनशे कूपनं वाटली, साठ खुर्च्या रिकाम्या. पुढच्या वेळी कूपनमागं पन्नास रुपये ठेव घेतली, दारात परत दिली. बऱ्यापैकी फरक पडला.

तिसरी_घंटा

सोडत मान्य. ठेव नको. पन्नास रुपये कुणाला काहीच नाहीत, आणि चार जणांचे दोनशे कुणाला त्या आठवड्यात जड आहेत, दिवाळीचा आठवडा आहे. घंटेचा नियम असला की न येणाऱ्याची खुर्ची आपोआप भरते. ठेवीची गरजच नाही.

खासबागचा_पोरगा

काका बरोबर बोलले. आणि ताईंच्या सहाच्या बायकांसाठी कार्यक्रमच सहाला सुरू करा की.

मंगळवार_पेठ

सहाला नाही होणार. गाणाऱ्या बाई ललतनं सुरुवात करतात, तो उजाडायच्या आत रंगला पाहिजे. त्यांना मी वेळ बदला म्हणणार नाही. अंधारात तो राग ऐकायलाच तर आपण उठतो.

काल रात्री बैठक झाली, तुमचे सगळ्यांचे मुद्दे वाचून दाखवले. ठरलं ते असं. खुर्च्या थप्पीत, फाटक साडेचारला. पहिली रांग देणगीदारांची, एकच. दुसरी मागितली, दिली नाही. त्याबदल्यात स्टेजवरून त्यांची नावं दोनदा घेऊ. दुसरी-तिसरी रांग सत्तरीच्या पुढच्यांना आणि ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना, सोबत एक माणूस. कूपन नाही, दारात बघूनच आत घ्यायचं. त्यातल्या वाटेकडच्या दहा खुर्च्या माझ्याकडं. चौथी ते नववी सोडतीच्या कूपनवर, १८० जागा. दहावीपासून पुढं खुल्या, १५० जागा, येईल तो बसेल. पोरांना स्टेजपुढं सतरंजी. रुमाल दिसला की उचलून चौकशीच्या टेबलावर.

सहाच्या बायकांसाठी आठवी आणि नववी रांग वेगळ्या रंगाच्या कूपनची. त्यांची घंटा साडेपाचला नाही, सव्वासहाला. तोवर स्वयंसेवक त्या दोन रांगा धरतील, टॉवेल नाही, माणूस उभा राहील. त्या चिठ्ठीवर पहिलं नाव घरातल्या बाईचंच पाहिजे. यावर बैठकीत तास गेला. एक काका म्हणाले, साठ खुर्च्या पाऊण तास रिकाम्या दिसतील, बरं दिसत नाही. मी त्यांना विचारलं, गेल्या वर्षी वहिनी कुठं बसल्या होत्या? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आल्याच नव्हत्या. मग हात वर झाले.

आजोबांचा पत्ता अजून लागलेला नाही. रंकाळ्याच्या बाजूला कुणी ओळखत असेल तर त्यांना एवढाच निरोप द्या: दुसरी रांग, वाटेकडची पहिली खुर्ची.

आणि तिसरी_घंटा काका, शाळेची घंटा गंजली आहे, आवाज बसलाय. तुमच्याकडं एखादी पितळी असेल तर आदल्या दिवशी घ्यायला मी स्वतः येते.

तिसरी_घंटा

आहे. घासून ठेवतो. आणि तिन्ही घंटा मीच देईन, पावणेपाचला पोचतो.