मदत हवी आहे: डी-एस्कलेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, दवाखान्यातल्या स्टाफसाठी एका ट्रेनिंगचं मराठी करतेय आणि डी-एस्कलेशन ह्या एकाच शब्दावर दोन दिवस अडकलेय. म्हणजे समोरचा माणूस काउंटरवर हात आपटून ओरडतोय, आपण एक पाऊल मागे सरतो, आवाज खाली आणतो, त्याला बोलू देतो आणि भांडण वाढायच्या आतच उतरायला लागतं, ते. समेट म्हणावं तर तो भांडण होऊन गेल्यावर होतो, तडजोडीत काहीतरी सोडावं लागतं आणि इथे तर अजून कोणी काहीच सोडलेलं नाही. पेपरवाले 'तणाव निवळला' लिहितात, मला निवळणं फार आवडतं, गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो तसं, पण ते आपोआप होतं ना, इथे कोणीतरी मुद्दाम करतंय. उलट एस्कलेशनला 'चिघळणं' अगदी फिट्ट बसतं! मग 'वाद चिघळू न देणं' चालेल का, की 'तणाव शमवणं' बरं? हेडिंगला छोटा शब्द लागेल, आणि वॉर्डबॉयपासून नर्सपर्यंत सगळ्यांना वाचताक्षणी कळायला हवा. तुम्ही बोलताना काय वापरता, वाक्यासकट सांगा प्लीज.