शब्दचर्चा: ‘राखीव’, ‘अभयारण्य’ आणि खाडीकाठचा फलक

खाडीकाठ:
नवी मुंबईत ऐरोलीला ठाणे खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी फलक लावावा म्हणून आम्ही रहिवासी वनखात्याला पत्र देतोय. सोबत मजकूरही द्यायचा आहे. सध्याचा मसुदा: ‘राखीव क्षेत्र. प्रवेश निषिद्ध. हुकुमावरून.’

फलक हवाच. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की रविवारी नुसती झुंबड उडते. लोक तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांवरून चालतात. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवतात, दगड मारतात. चिखलात चोच उलटी घालून चरणारा पक्षी उगाच उठवला की त्याचं तेवढं खाणं बुडतं, कारण तो चिखल उघडा असतो ते ओहोटीचे मोजके तासच.

पण याच वाटेने दिवा गावातल्या कोळणी खुबे (शिंपले) आणि चिंबोऱ्या (खेकडे) धरायला जातात. ‘प्रवेश निषिद्ध’ म्हटलं की त्याही त्यात आल्या. म्हणून विचारते, राखीव, संरक्षित, अभयारण्य हे एकच आहे का? आणि ‘निषिद्ध’ नको, तर काय लिहावं?

दप्तरी:
ताई, बोलण्यात हे शब्द कुठेही कसेही चालतात, पण कायद्यात प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ हे 1927च्या वन अधिनियमातले. ढोबळमानाने, राखीव वनात परवानगी दिली तेवढंच चालतं. संरक्षित वनात मनाई केली तेवढंच चालत नाही. म्हणजे गाडं उलट्या टोकाकडून सुरू होतं. ‘अभयारण्य’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ हे 1972च्या वन्यजीव अधिनियमातले. इथे ऐकणारा हमखास फसतो. ‘उद्यान’ म्हटलं की डबा घेऊन जायची जागा वाटते आणि ‘अभयारण्य’ म्हटलं की घनदाट, बंद. प्रत्यक्षात उद्यानाचा नियम अधिक कडक. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या उद्यानात जमिनीवरचे जुने हक्क शासनाकडे जातात. अभयारण्यात मात्र जिल्हाधिकारी, मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून, एखादा हक्क पुढे चालू ठेवू शकतात. बाहेरच्यांना अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी परवाना मिळतो. म्हणजे ‘अभयारण्य’ शब्दात माणसाला सरसकट मज्जाव नाही, परवानगीची अट आहे.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं. 1690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, आणि 794 हेक्टर पाणी. ‘अरण्य’ म्हटलं तरी जवळजवळ निम्मं पाणीच आहे, आणि पाण्यावर कुंपण घालता येत नाही. म्हणून इथला फलक समजावून सांगणारा असावा लागतो.

आणखी एक शब्द नोंदवतो, ‘संवर्धन राखीव’. 2002च्या दुरुस्तीने आला. हे क्षेत्र स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर करायचं असतं. सिंधुदुर्गात तिलारीला तसं आहे. तुमच्या फलकावर नुसतं ‘राखीव’ लिहिलंत तर यातलं नेमकं काय, ते कुणालाच कळणार नाही. ‘अभयारण्य’ म्हणा.

सानपाडकर:
‘मज्जाव’ चांगला आहे की. छोटा, ठसठशीत.

दप्तरी:
ठसठशीत आहे, पण अर्थ ‘निषिद्ध’इतकाच बंद. दार लावणारा शब्द बदलून दार उघडत नाही.

चेंदणीचा:
मी ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यातला. आमच्याकडचे दोन शब्द देतो.

पहिला ‘बंदी’. आमच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा नाही. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते आणि ती आम्ही पाळतो, कारण तिला तारीख आहे आणि कारणही आहे, मासळीची वीण. जिला सुरुवात-शेवट आणि कारण आहे, ती बंदी पटते. ‘हुकुमावरून’ म्हणणारी पटत नाही.

दुसरा ‘वहिवाट’. हा कोर्टकचेरीतला समजतात, पण गावात रोजचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने जाऊन जो उपयोग केला, ती वहिवाट. तिच्यात वाटही आली आणि रीतही आली. माझी आजी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरायची ती गुडघ्यापर्यंत, लुगडं खोचून, काठीने आधी बीळ चाचपून. अंडी धरलेली चिंबोरी हाताला लागली तर परत सोडायची. हे फलकावर लिहिलेलं नव्हतं, पण वहिवाटीत होतं. सहलीला येणाऱ्याची वहिवाट नसते. त्याला ‘पाहुणा’ म्हणा. पाहुण्याचा मान राखतात आणि पाहुण्याने घरची रीत पाळायची असते.

कळकळीने सांगतो, कोळी आणि सहलवाले यांना एका शब्दात बांधू नका. खाडी मरतेय ती भरावाने, राडारोड्याने, शहराच्या सांडपाण्याने. खुबे काढणाऱ्या हातांनी नाही.

नेरुळ_पाणथळ:
बंदीला सुरुवात-शेवट हवा, या वरच्या मुद्द्याला जोडून: भरतीला खाडीतला चिखल बुडतो तेव्हा रोहित नेरुळकडे डीपीएस शाळेजवळचा तलाव, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची जागा अशा पाणथळ ठिकाणी येऊन उभे राहतात. अभयारण्याची हद्द पक्ष्यांना ठाऊक नाही. त्यामुळे फलकावर जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीच्या फेऱ्या निघतात, त्यांच्याही वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. तोच हिशेब पायी येणाऱ्याला समजवा.

आणि कुणी कृपा करून ‘दलदल’ लिहू नका. त्या शब्दाला रुतण्याचा, घाणीचा वास आहे. ‘चिखल’ म्हणा, खाडीकाठचे लोक तेच म्हणतात.

अनुवादवाली:
2022 साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, आली. त्या करारातली मूळ कल्पना मराठीत ‘सुज्ञ वापर’ अशी लिहितात. व्याकरणाने ठीक, पण कानाला परकं. सुज्ञ माणूस असतो, वापर नाही. आपल्याकडे ‘जपून’ आहे. जपून वापर, जपून चाल, पोराला जप. एकाच धातूत वापरणंही आलं आणि सांभाळणंही. ‘संरक्षण’मध्ये पहारा ऐकू येतो, ‘जपणूक’मध्ये माया. मी फलकावर ‘जपून’ नक्की घेईन.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. आता असा मजकूर केलाय:

‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. पाहुण्यांनी परवानगीनेच आत यावे. सुकतीच्या वेळी पक्षी चिखलात चरतात. तेव्हा काठावरूनच पाहावे. तिवरांच्या मुळांवर पाय देऊ नये. थवा उठवू नये. ड्रोन उडवू नये. स्थानिक कोळी बांधवांची वहिवाट आहे. त्यांची वाट अडवू नये. जपून या, जपून जा.’

‘हुकुमावरून’ काढलं. ‘सुकती’ शहरातल्यांना कळेल का, की ‘ओहोटी’ लिहू?

चेंदणीचा:
‘सुकती’च ठेवा, शेजारी ‘ओहोटी’ लिहा. आणि ‘बांधवांची’ नको, चिखलात उतरतात त्या बहुतेक बायकाच. ‘कोळी बंधू-भगिनींची’ करा.

दप्तरी:
‘वहिवाट आहे’ हे कायदेशीर विधान होतं. खातं त्यावर अडून बसेल. ‘वहिवाटीने येणाऱ्या कोळी बंधू-भगिनींची वाट अडवू नये’ असं करा. अर्थ तोच राहतो आणि मजकूर फेटाळायला निमित्त मिळत नाही. पत्रासोबत गावच्या मच्छीमार संस्थेची सहीही जोडा.