एलन टेरीची पत्रं छापायलाच नको होती म्हणे!

विंगेतून
काल एक हळवं लिखाण वाचनात आलं. सार असं: इंग्लिश रंगभूमीवरची गाजलेली नटी एलन टेरी 1928 मध्ये गेली. तीनच वर्षांत तिच्या मुलीने, एडिथ क्रेगने, आईची आणि नाटककार बर्नार्ड शॉची 'प्रेमपत्रं' बाजारात आणली. मुलगा गॉर्डन क्रेग कळवळून विरोध करत राहिला, आणि आपण ती अजून चवीने वाचतो म्हणून आपल्याला लाज वाटली पाहिजे. खाली सगळ्यांनी हात जोडलेले.

प्रेमपत्रं? हा व्यवहार सुरू झाला 1892 मध्ये. टेरीला एका ओळखीच्या तरुण गायिकेबद्दल जाणकाराचं मत हवं होतं. तिने 'वर्ल्ड' साप्ताहिकाचे संपादक एडमंड येट्स यांना लिहिलं आणि येट्सनी ते पत्र आपल्या संगीतसमीक्षकाकडे सरकवलं. तो समीक्षक म्हणजे शॉ. सुरुवात झाली ती वशिल्याच्या चिठ्ठीने.

ऐन बहरातली पत्रं घ्या. 22 सप्टेंबर 1896 ला लंडनच्या लायसियम नाट्यगृहात शेक्सपियरच्या 'सिंबेलीन'चा पहिला प्रयोग होता. एकोणपन्नासाव्या वर्षी टेरी त्यातली नायिका इमोजेन करत होती. शॉ तिला पत्रातून अख्खी भूमिका बसवून देतो. इमोजेन शुद्धीवर येते तेव्हा शेजारी मुंडकं नसलेलं धड पडलेलं असतं, तो प्रसंग घ्या. शॉचं म्हणणं, ते धड तिला एका दमात दिसता कामा नये. आधी फुलं, मग रक्ताने माखलेला माणूस, आणि 'याला शिरच नाही' हा धक्का अगदी शेवटी. त्याच्या आड येणाऱ्या ओळी सरळ गाळायच्या. ही पत्रातून चाललेली तालीम आहे. हिला 'खाजगी' म्हणून कपाटात कोंडायचं असेल तर नाटकवाल्यांनी शिकायचं कशावरून?

काळी किनार
उत्तर लांबलचक, पण सोयीचं तेवढंच उचललंय. तालमीची पत्रं आहेत, मान्य. त्याच पाकिटांत थकवा, लायसियमचा मालक आणि नट हेन्री अर्व्हिंग याच्याबद्दलची चिडचिड, मुलांची काळजी हेही आहे. ते कोणासाठी लिहिलं होतं?

टेरीला काय उघड करायचं आणि काय झाकायचं याचं पक्कं भान होतं. 1908 चं तिचं आत्मचरित्र बघा. त्यात गॉडविन वास्तुविशारद म्हणून भेटतो, एडिथ आणि गॉर्डनचा बाप म्हणून भेटत नाही. एवढी जपून वागलेली बाई मेल्यावर तिच्या पेटीची कुलपं काढायची, आणि वर 'अहो, हे शैक्षणिक साहित्य आहे' म्हणायचं. वा!

विंगेतून
पेटीची कुलपं कोणी तोडली नाहीत. पत्रं जाळायला तिच्याकडे तीस वर्षं होती, तरी तिने ती सांभाळून ठेवली.

काळी किनार
सांभाळली म्हणजे छापायला दिली? तुमच्या घरातल्या कागदांनाही हाच न्याय लावाल का?

दोन किल्ल्या
भांडा खुशाल, पण 'मुलीने विकली आणि छापली' हे अर्धवट आहे. इंग्लंडमध्ये 1741 च्या पोप विरुद्ध कर्ल खटल्यापासून नियम असा: कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. शॉने लिहिलेले कागद टेरीच्या घरात, म्हणजे तिच्या वारसांकडे. ते विकता येतात, पण शॉच्या होकाराशिवाय त्यातली एक ओळ छापता येत नाही. टेरीने लिहिलेले कागद शॉकडे. तो ते पेटीत ठेवू शकतो, विकूही शकतो, पण मजकुराचा हक्क टेरीच्या वारसांचा. बँकेच्या लॉकरसारखं आहे, दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही.

1931 चं पुस्तक निघालं ते शॉने परवानगी दिली, वर स्वतः प्रस्तावना लिहिली म्हणून. तेव्हा राग काढायचाच तर त्या म्हाताऱ्यावर काढा. गॉर्डन क्रेगने तेच केलं. त्याच वर्षी त्याने आईवर पुस्तक काढलं आणि सोबत शॉला झोडपणारी वेगळी पुस्तिका जोडली. आईच्या खाजगीपणाची इतकी चाड असणाऱ्या माणसाने आईवर पुस्तक काढावं, यातली गंमत ज्याची त्याने समजून घ्यावी.

मुद्रांक
तुम्ही सगळे नीती-अनीतीत अडकलात. खरी ओरड दुसरी आहे. टेरीच्या ढीगभर पत्रांवर तारीखच नाही, नुसता वार. मग संपादक अंदाजाने क्रम लावतो आणि आपण त्या क्रमावर 'नात्याचा चढउतार' वगैरे इमले बांधतो.

विंगेतून
अवांतर. शिवाय पाकिटावर शिक्का असतोच की.

मुद्रांक
'असतोच की'! पाकीट जागेवर असेल तर ना. तिकीट जमवणारे पाकिटाचा कोपराच कापून नेतात, त्याबरोबर शिक्का गेला. उरलेली पाकिटं पुढे कोणीतरी 'व्यवस्थित लावताना' भलत्याच पत्राला जोडतो. नुसत्या तिकिटावरून काही कळत नाही. एक पेनीचं जांभळं तिकीट 1881 पासून व्हिक्टोरिया राणी जाईपर्यंत तेच होतं. वजनही फसवं. 1871 पासून एका पेनीत एक औंस जायचं, 1897 पासून चार औंस. म्हणजे जाडजूड पत्रावर एकच पेनी दिसली तर 1897 नंतरचं असण्याची शक्यता जास्त, इतकंच.

आता रीत सांगतो. आधी पत्त्याचा मथळा बघायचा. टेरी 1889 ते 1902 बार्कस्टन गार्डन्समध्ये होती, म्हणून त्या पत्त्याने फारसं काही बांधलं जात नाही. स्मॉलहाइथचं घर तिने 1899 मध्ये घेतलं, तो पत्ता असेल तर त्याआधीची वर्षं बाद. शॉच्या बाजूने काम सोपं आहे. 1 जून 1898 ला लग्न झालं आणि फिट्झरॉय स्क्वेअर सुटून अडेल्फी टेरेस आलं. अर्व्हिंगचा 'सर हेन्री' असा उल्लेख असेल तर जुलै 1895 नंतरचं, 'सर' हा किताब तेव्हाचा. मग मजकुरातला प्रयोग शोधायचा आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींशी ताडून बघायचा. वार सगळ्यात शेवटी. कागदातल्या जलचिन्हाने फक्त 'याआधीचं नाही' एवढंच ठरतं, कारण लोक कागदाचा साठा वर्षानुवर्षं पुरवतात.

काळी किनार
वार शेवटी का? 22 सप्टेंबर 1896 ला मंगळवार होता. पत्रावर 'रविवार रात्र' असेल आणि मजकुरात परवाच्या पहिल्या प्रयोगाची धास्ती असेल, तर ते 20 तारखेचं. संपलं.

मुद्रांक
संपलं नाही, तिथेच घोळ सुरू होतो. नाटकवाल्या माणसाची रात्र कधी संपते? पडदा अकराच्या पुढे पडणार, घरी पोचून जेवण, मग पत्र. 'शनिवार रात्र' लिहिलेलं पत्र पुष्कळदा रविवारी पहाटे दोनचं असतं. त्यात लंडनमध्ये रविवारी टपालाचं वाटप नसे. म्हणून शनिवारी रात्रीचं आणि रविवारचं पत्र समोरच्याला एकदमच, सोमवारी मिळणार. त्याचं एकच उत्तर असेल तर ते कुठल्या पत्राला? संपादक इथे जोड्या चुकवतात, आणि मग शॉ विनाकारण तुटक वाटतो.

तिसरी घंटा
आणि नोकराच्या हाती पाठवलेली चिठ्ठी? तिला ना तिकीट ना शिक्का. टपालखात्यावर किती विसंबायचं याला मर्यादा आहे, मुद्रांकसाहेब.

मुद्रांक
हाती पाठवलेल्या चिठ्ठीच्या पाकिटावर पुरता पत्ता बहुधा नसतो, नुसतं नाव असतं. तेही बघायचं असतं. विसंबायचं कशावरच नाही, असंच तर मी सांगतोय. वाचलंत का नीट?

तिसरी घंटा
वाचलं. आवाज खाली.

तारखांचं जाऊ द्या, मुळात 'पत्र कोणाचं' हे तरी कुठे ठरलंय? अर्व्हिंगच्या पत्रांचं सांगते. लायसियमचा कारभार ब्रॅम स्टोकरकडे होता. अर्व्हिंग गेल्यावर 1906 च्या आठवणींत त्याने मालकासाठी अंदाजे पाच लाख पत्रं लिहिल्याचं सांगितलंय. करा हिशोब. 1878 ते 1905 ही 27 वर्षं, म्हणजे दिवसाला पन्नास. रविवारी पन्नास, नाताळला पन्नास, अमेरिकेचे आठ दौरे केले त्यात बोटीवर पन्नास. मला हा आकडा कधीच पचला नाही. निम्मा धरला तरी अर्व्हिंगचा 'खाजगी आवाज' म्हणून आपण जे वाचतो त्यात स्टोकरचं किती आणि त्याचा चिटणीस लुई ऑस्टिनचं किती? ऑस्टिन तर भाषणंही लिहून द्यायचा. खाली सही अर्व्हिंगची म्हणून मन अर्व्हिंगचं होत नाही.

काळी किनार
बघा! म्हणजे अर्व्हिंगला सोय होती, कारकुनाआड लपायची. टेरी स्वतःच्या हाताने लिहीत राहिली आणि तीच उघडी पडली. माझं म्हणणं याहून वेगळं काय होतं?

विंगेतून
वेगळं हे होतं की तुम्ही तिला बिचारी ठरवताय. 1896-97 चं प्रकरण आठवा. शॉचं नेपोलियनवरचं छोटं नाटक लायसियममध्ये व्हावं म्हणून टेरीच मधे पडून खटपट करत होती. 19 डिसेंबरला 'तिसरा रिचर्ड' लागलं, त्याच रात्री अर्व्हिंगचा गुडघा दुखावला. 26 तारखेला शॉचं परीक्षण आलं. अर्व्हिंग शुद्धीत नव्हता असं ते सुचवतंय, असा अर्थ लायसियमने घेतला. 1897 मध्ये लायसियमने शॉचं नाटक न करताच परत पाठवलं. त्या महिन्यांतली तिची पत्रं वाचा. दोन हट्टी पुरुषांमध्ये मांडवली करणारी व्यवहारी बाई दिसते. ती पत्रं नसती तर हा सगळा इतिहास स्टोकरच्या पुस्तकातून वाचायची वेळ आली असती.

काळी किनार
बरं, 'प्रेमपत्रं' हा शब्द माझ्यापुरता मागे घेते. 1900 च्या डिसेंबरपर्यंत दोघं समोरासमोर बोललीही नव्हती, हे त्या हळव्या लेखकालाही कळवा. 'तिच्या हयातीत विचारलं नाही' हा आक्षेप मात्र तसाच राहतो, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

विंगेतून
नाही. घ्या, दिला तो मुद्दा. पेढे वाटा.

दोन किल्ल्या
वाचायचीच असतील तर 1931 च्या जोडीला कॅथरिन कॉकिन यांनी संपादित केलेले टेरीच्या पत्रांचे खंडही काढा, 2010 पासून आलेले. तिथे शॉ हा अनेकांतला एक आहे.

मुद्रांक
आणि त्यातही तारीख चौकटी कंसात असेल तर ती टेरीची समजू नका, संपादकाची समजा. 'रविवार रात्र' दिसलं की तर दोनदा मोजा.