व्होल्टेज बरोबर, पण हर्ट्झचं काय?
लाईट गेल्यावर घर चालवायला 'ट्रॅक्टर दारात उभाच आहे, मग वेगळा जनरेटर कशाला' असं काही जण म्हणतात, ते पटतं. पण २३० व्होल्ट आले की झालं, हे नाही. २०१९ च्या पुरात आम्ही ट्रॅक्टरच्या पीटीओला (मागच्या फिरत्या दांड्याला) अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) जोडून घर चालवलं. मीटरवर २३०, तरी फ्रिज नुसता घुमायचा. चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी (घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं) १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात, म्हणजे ५४० आरपीएमच्या पीटीओवर वेग साधारण पावणेतीन पट वाढवावा लागतो. डिझेल वाचवायला भावाने रेस कमी ठेवलेली; एव्हीआर (अल्टरनेटरचा आपोआप चालणारा व्होल्टेज नियंत्रक) व्होल्टेज सांभाळत होता, फ्रिक्वेन्सी मात्र ४४ वर! हर्ट्झ दाखवणारा मीटर बसवाच.

आणि चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) न लावता घराच्या सॉकेटात वायर खुपसणारे महाभाग आमच्याही गावात आहेत. ती वीज डीपीतून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनवर जाते, आणि तेव्हा खांबावर वायरमन असतो.