बाहुलीला टाचण्या टोचल्या की झाला आफ्रिकेचा धर्म?

रेघोट्या
काल इथे एका पोस्टमध्ये चार ओळींत अख्ख्या खंडाचा निकाल लागला: "आफ्रिकन धर्म म्हणजे काळी जादू. बाहुलीला टाचण्या, कोंबड्याचं रक्त आणि हाडं फेकून भविष्य. त्यापेक्षा आपले मांत्रिक परवडले." खाली टाळ्याच टाळ्या. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढते.

आधी बाहुली. दुसऱ्याचा पुतळा करून टोचण्याची चाल युरोपात जुनी आहे, नाव मात्र वुडू या आफ्रिकी मुळाच्या धर्माचं खराब झालं. फोटो फिरतात ते बहुतेक काँगोच्या न्किसी न्कोंडीचे. लाकडी मूर्ती, पोटावर औषधी द्रव्यांची डबी, तिच्या तोंडावर काच किंवा आरसा. तिच्या अंगात खिळा ठोकतात तो कुणाला दुखावं म्हणून नाही. दोन पक्षांनी शपथ घेतली की न्गांगा, म्हणजे तिथला पुजारी-वैद्य, खिळा ठोकतो आणि शपथ मोडणाऱ्याचा माग मूर्तीतली शक्ती काढते, अशी समजूत. थोडक्यात, स्टॅम्पपेपर. खिळे जितके जास्त तितके त्या मूर्तीपुढे झालेले करार जास्त.

आता भविष्य. नायजेरियातल्या योरुबांचा इफा घ्या. बाबालावोकडे, म्हणजे इफा बघणाऱ्या पुरोहिताकडे, तेलताडाच्या 16 बिया असतात, इकिन. साध्या बीला तीन डोळे असतात, इथे चार किंवा जास्त डोळ्यांची लागते. सगळ्या बिया डाव्या हातात धरून उजव्याने एका झटक्यात उचलायच्या. डाव्यात एक उरली तर पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. काहीच उरलं नाही किंवा तीन-चार उरल्या तर तो फेरा बाद. अशा आठ खुणा, उजवीकडे चार आणि डावीकडे चार, वरून खाली. एका बाजूच्या आकृत्या 16, दोन्ही मिळून 256. प्रत्येकीचं नाव ठरलेलं, प्रत्येकीखाली पाठ केलेल्या कवनांचा ढीग. हे शिकायला वर्षानुवर्षं जातात. युनेस्कोच्या यादीत 2008 पासून आहे. याला "हाडं फेकणं" म्हणणारा माणूस बुद्धिबळाला सोंगट्या सरकवणं म्हणेल.

तिरफळ
पाट, भुकटी, बिया, सगळं मान्य. म्हणून काय? लॉटरीलाही नियम असतात. 256 पैकी एक आकृती योगायोगाने आली आणि तिच्यावरून माणसाने बकरी कापायची की लग्न मोडायचं ते ठरवलं. पद्धत काटेकोर असली म्हणजे उत्तर खरं, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि त्या झटक्याबद्दल बोला की. एक उरवायची की दोन, हे सरावलेल्या हाताला जमत नाही असं शपथेवर सांगाल? बिया बारीक आणि पंजा मोठा असला की काहीच उरत नाही, म्हणजे बियांचा आकारच निकालात ढवळाढवळ करतो.

रेघोट्या
@तिरफळ, उत्तर खरं असतं असं मी कुठे लिहिलं? वाचा परत. मुद्दा "काळी जादू" या शिक्क्याचा आहे.

हाताच्या सफाईचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक, येणारा माणूस आपला प्रश्न मोठ्याने सांगतच नाही. नाण्यावर किंवा कवडीवर पुटपुटतो आणि ते समोर ठेवतो. प्रश्न माहीत नसताना सोयीची आकृती काढून बाबालावो करणार काय? दोन, तो कवनं म्हणत जातो आणि आपल्या प्रश्नाला कुठलं लागू पडतं ते ऐकणारा ओळखतो. अर्थ लावण्याचं निम्मं काम गिऱ्हाईकच करतं.

तिरफळ
म्हणजे निम्मं काम गिऱ्हाईकच करतं आणि दक्षिणा पूर्ण. आपल्या ज्योतिषांनी ऐकलं तर शिकवणी लावतील.

सोळाघरी
एवढं लिहिलंत पण मूळच राहिलं. 16 आकृत्या, चार ओळी, एकेरी-दुहेरी खुणा, उजवीकडून सुरुवात. हे रमल आहे हो, ठिपक्यांच्या आकृत्यांवरून भविष्य! आपल्याकडे रमल टाकतात ते हेच. अरबांचं वाळूशास्त्र सहारा ओलांडून गेलं आणि योरुबांनी त्याला स्वतःचं नाव दिलं. चारही एकेरी ते रमलात तरीक, यांच्यात ओग्बे. चारही दुहेरी ती जमात, यांच्यात ओयेकू. "आफ्रिकेची मूळ विद्या" वगैरे कौतुक जरा आवरा.

रेघोट्या
आलात का! आकृत्या सारख्या, एवढ्यावर बाप ठरवायचा? चार जागी दोन पर्याय म्हटलं की 16 च होणार, सतरावी आकृती कुणी आणायची?

रमलात आधी चार आकृत्या काढतात, त्या माता. त्यांच्या आडव्या ओळी वाचून आणखी चार निघतात, त्या कन्या. मग जोड्यांची बेरीज करत साक्षीदार आणि पंधराव्या घरात निकालाची आकृती, न्यायाधीश. इफात यातलं काहीही नाही. दोन आकृत्या शेजारी बसल्या की खेळ संपला, पुढे सगळं कवनावर. ग्रह नाहीत, घरं नाहीत. क्रमही वेगळा: रमलात लहियान ही आकृती पहिली, इफात ओग्बे.

सोळाघरी
घरं गळाली, कारण परंपरा दूर गेली की अवघड भाग आधी गळतो. मादागास्करचं सिकिदी बघा. तिथे बियांच्या ढिगातून मूठ घेऊन दोन-दोन काढत जातात, शेवटी एक किंवा दोन उरतात. मग माता, कन्या, पुढची सगळी आकडेमोड शाबूत. ते अरबांकडून आलं हे कुणी नाकारत नाही. तुमच्या इफाचंच तेवढं सोवळं का?

शिवाय खुद्द योरुबा मुसलमानांत वाळूवर रेघा मारून बघण्याची वेगळी पद्धत आहेच, त्याच गावांत. ओतुरा मेजी या आकृतीच्या कवनांत मुसलमान येतात. संबंध नव्हता म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं.

रेघोट्या
संबंध होता. लिहा मोठ्या अक्षरात, रेघोट्यांनी मान्य केलं. पण दोन्ही पद्धती एकाच गावात, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लोकांकडे नांदतात, यावरून एक दुसरीची लेक कशी ठरते? लेक असती तर वेगळी चूल कशाला?

खडूस मास्तर
तुमचं दोघांचं चालू द्या. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की "इफा", "ओदू" (आकृती), "एबो" (इफाने सांगितलेला बळी) हे तुम्ही कोणत्या सुरात लिहिता आहात? योरुबात तीन सूर आहेत. एकाच "ओको"चा सुराप्रमाणे नवरा, कुदळ किंवा वाहन होतो. देवनागरीत तिघांची एकच गत. कवन चुकीच्या सुरात म्हटलं तर त्याचा अर्थच राहत नाही आणि इथे लोक दोन लेख वाचून ओदूंचे अर्थ सांगत सुटतात.

रेघोट्या
मास्तर, नवरा आणि कुदळ एकच लिहिलं तर काही घरांत फारसा फरक पडणार नाही. तक्रार रास्त आहे, पण सुराच्या खुणा कुठल्या कळफलकावर आहेत ते सांगा.

बायनरीबुवा
कुणीच कसं म्हणालं नाही? 256 म्हणजे दोनचा आठवा घात, म्हणजे एक बाइट! संगणकाचा शोध योरुबांनी लावला होता. शाळेत हे शिकवत नाहीत.

तिरफळ
झालं. पुष्पक विमानाचा नायजेरियन भाऊ आला.

बुवा, बाइटची गणना होते, बेरीज-वजाबाकी होते. इफात आकृतीवर कसलीच क्रिया होत नाही, ती फक्त कवनाच्या कपाटाची किल्ली. उलट रमलात निदान हिशेब तरी आहे. माता आणि कन्या म्हणजे त्याच 16 खुणा, एकदा उभ्या आणि एकदा आडव्या मोजलेल्या, म्हणून पंधराव्या घरातल्या न्यायाधीशाचे एकूण ठिपके नेहमी समच येतात. विषम आले तर मांडणीत चूक, पुसा आणि परत करा. इफात असा पहारेकरी नाही. ओग्बेची शेवटची रेघ चुकून दुहेरी पडली की सरळ ओगुंडा, पहिली पडली की ओसा. चूक झाली हे आकृती बघून कुणालाही कळणार नाही.

सोळाघरी
तिरफळ, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय हे लक्षात आलं का?

तिरफळ
दुर्दैवाने, हो.

रेघोट्या
पहारेकरी आहे, फक्त आकृतीत नाही. त्याला इबो म्हणतात. "हे शुभ का अशुभ" विचारायला गिऱ्हाइकाच्या एका मुठीत कवडी, दुसरीत हाड. कुठल्या मुठीत काय ते बाबालावोला दिसत नाही. मग ओपेले टाकायची: साखळीला अर्ध्या शेंगांचे आठ तुकडे, मध्यावर धरून टाकली की दोन्ही बाजूंना चार-चार. पोकळ बाजू वर आली तर एक रेघ, फुगीर वर आली तर दोन. दोनदा टाकायची, वरिष्ठ आकृती कुठली त्यावरून कुठली मूठ उघडायची ते ठरतं. तुमच्या न्यायाधीशापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण टाकणाऱ्याला उत्तर कुठल्या मुठीत आहे हेच ठाऊक नसतं.

कोकणातला कौल आठवा. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. तिथे गुरवाला काय विचारलंय ते माहीत असतं.

तिरफळ
कौलाला मध्ये आणू नका, अर्धा धागा तिकडे पळेल.

आणि शेंगेची अर्धी फोड म्हणजे नाणं नव्हे. पोकळ आणि फुगीर बाजू सारख्याच वेळा वर येत असतील, हे गृहीत धरायला काही आधार नाही.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सगळे गोड गोड बियांवर बोलताय. "कुणीतरी करणी केली" हा भाग कुठे गेला? नायजेरियातल्याच एफिक लोकांत चेटकीण ठरवलेल्या बाईला एसेरेची बी कुटून पाजायचे. वाचली तर निर्दोष, मेली तर दोषी. ही पण परंपराच ना? दक्षिण नायजेरियातल्या फौजदारी संहितेत कलम 207 या विषपरीक्षेवर आहे आणि 210 दुसऱ्याला चेटकी म्हणण्यावर. गोडगोड असतं तर कलमं लागली असती का?

खलबत्ता
एसेरेवर कुणी बोलत असेल तर नीट बोला. शास्त्रीय नाव फायसोस्टिग्मा वेनेनोसम, एफिकांच्या जुन्या कॅलाबारची वेल. आतलं फायसोस्टिग्मिन असेटिलकोलीन मोडणारं विकर अडवतं. मग लाळ, घाम, स्नायू फडफडणं, शेवटी श्वासाचे स्नायू बंद. 1855 मध्ये एडिंबरात रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी स्वतः बी खाऊन पाहिली आणि जड जातंय असं दिसताच दाढीचं साबणपाणी पिऊन ओकले. ओकले म्हणून वाचले.

"निर्दोष वाचतो" यामागे बहुधा हेच असावं. ज्याला खात्री आहे तो घटाघटा पितो, एकदम पोटात गेलं की उलटी होते. भ्यालेला घोट घोट घेतो, उलटी होत नाही, विष भिनतं. पटण्यासारखं आहे, पण याला न्याय म्हणू नका. धीट चोर वाचेल आणि भित्री म्हातारी मरेल.

हेच द्रव्य 1864 मध्ये वेगळं काढलं आणि पुढे काचबिंदूच्या औषधात गेलं.

रेघोट्या
@तिरफळ, एसेरे एफिकांचं, इफा योरुबांचं. एकाच देशात आहेत म्हणून एका पोत्यात भरणं, हीच तर कालच्या पोस्टची खोड.

तरी करणीचा मुद्दा सोडत नाही. योरुबांत आजे आहे, म्हाताऱ्या बायकांकडची शक्ती. इफातही संकटाचं कारण म्हणून तिचं नाव निघतं आणि त्याचा भार कुठल्यातरी शेजारणीवर पडू शकतो. तिला शांत करायला गेलेदे नावाचा मुखवट्यांचा नाच करतात, "आमच्या आया" म्हणून मान देतात. मान द्यायचा कारण भीती वाटते. झालं समाधान?

तिरफळ
अर्धं. आपल्याकडे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भानामतीच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला धरता येतं, पाकळी पडायची वाट बघणाऱ्याला नाही. तसंच इफाला एका बाजूला ठेवा, एसेरेला दुसऱ्या. एवढं मी लिहून देतो. "काळी जादू" हा शब्द सोडू. "फुकटची जादू" चालेल?

रेघोट्या
फुकट कुठे, एबोला कोंबडं लागतं. त्यातला एशू देवाचा वाटा आधी काढतात.

सोळाघरी
आणि त्या एशूचा चेहरा पाटाच्या कडेवर कोरतात. आता वाळूच्या पाटाशी तुलना केली तर...

खडूस मास्तर
नवा धागा काढा. आणि "एबो"चा सूर लिहा.